अपंगत्व हा विषय घेऊन शिकायचंय? नागपूरच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी, पायरी पायरीने

एका जूनमध्ये मी नागपुरातल्या तीन शिक्षणसंस्थांच्या खिडक्यांवर एकच प्रश्न विचारत फिरले. "मला अपंगत्व या विषयाचा अभ्यास करायचाय, प्रवेश कुठे घेऊ?" पहिल्या खिडकीतून उत्तर आलं, स्पेशल बी.एड. करा. दुसरीकडे म्हणाले, समाजकार्याला जा. तिसरीकडच्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "सर्टिफिकेट कोणाचं काढायचंय?" मी पहिलं उत्तर खरं मानलं आणि त्यात एक वर्ष गेलं. तो अभ्यासक्रम वाईट नव्हता, पण मला पडलेला प्रश्न तिथला नव्हता.

पुढे समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि शोधप्रकल्प सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र यांवर केला. माझा धाकटा भाऊ सिकलसेलग्रस्त आहे, त्यामुळे विषय घरातूनच आला. आता दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत कोणाकोणाचे फोन येतात. सगळ्यांना मी जे सांगते तेच इथे लिहिलंय.

१. शिकवायला शिकायचंय की प्रश्न विचारायला?

हे सगळ्यात आधी ठरवा, कारण माझं वर्ष इथेच गेलं.

कर्णबधिर मुलांना शिकवणं, बोलण्याची थेरपी देणं, कृत्रिम पाय बसवणं, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची चाचणी घेणं ही व्यावसायिक कामं आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमांना भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता लागते. परिषद १९९२ च्या कायद्याने आली आणि तिच्याकडे नोंदणी असल्याशिवाय ही कामं करता येत नाहीत. हा रस्ता तुमचा असेल तर नागपुरात केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे अपंगांच्या पुनर्वसनाचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे जाऊन विचारा. कुठेही पैसे भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता आहे का, ते परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

‘डिसॅबिलिटी स्टडीज’ किंवा मराठीत ‘अपंगत्व अभ्यास’ म्हणतात तो दुसरा रस्ता. इथे तुम्ही कोणाला बरं करत नाही. एखाद्या माणसाला समाजाने, कायद्याने, शाळेने, रस्त्याने, भाषेने ‘अपंग’ कसं ठरवलं, त्याचं पुढे काय झालं, हे इथे तपासायचं. या विचाराची मुळं अपंगांच्याच चळवळीत आहेत. ब्रिटनमधल्या ‘युपियास’ या अपंग कार्यकर्त्यांच्या संघटनेने १९७६ साली मांडलं की शरीरातली उणीव ही एक गोष्ट आहे आणि समाजाने त्यावर लादलेलं अपंगत्व ही वेगळी गोष्ट आहे. १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर यांनी या मांडणीला ‘सोशल मॉडेल’ हे नाव दिलं. व्हीलचेअरवरचा माणूस वाचनालयात जाऊ शकत नाही तो पायांमुळे नव्हे, पायऱ्यांमुळे, असं हे मॉडेल सांगतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उजेड पडल्यासारखं झालं. पण रात्री भाऊ गुडघे पोटाशी घेऊन कण्हत होता, तेव्हा लक्षात आलं की त्याचं दुखणं कुठल्याही पायरीने दिलेलं नाही. सोशल मॉडेलवर हा आक्षेप अभ्यासकांनी, विशेषतः अपंग स्त्रियांनी, फार पूर्वीच घेतलाय. दोन्ही बाजू समजून घ्या. फक्त पहिली बाजू पाठ करून आलेला विद्यार्थी व्हायवात अडकतो.

अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका, पेपरांची यादी मागा. चाचण्या, थेरपी आणि अध्यापनपद्धती दिसल्या तर तो पहिला रस्ता. इतिहास, कायदा, धोरण, साहित्य, जात, लिंगभाव दिसले तर दुसरा.

२. विभाग नंतर, प्रश्न आधी

सगळे विचारतात, "कोणत्या विभागात जाऊ?" मी उलट विचारते, "तुला छळणारा प्रश्न कोणता?"

माझा प्रश्न भावाच्या बारावीच्या परीक्षेच्या दिवशी सापडला. मार्चची दुपार होती. मी शाळेच्या फाटकाबाहेर पाण्याच्या दोन बाटल्या आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन उभी होते. दीड तासात भाऊ भिंत धरत धरत बाहेर आला. पेपर अर्धाच सोडवलेला. मागून आलेले पर्यवेक्षक मला म्हणाले, "दिसायला तर चांगला धडधाकट आहे, अभ्यास झाला नसेल." ते वाईट माणूस नव्हते. त्यांना दिसतच नव्हतं.

आता हाच प्रसंग वेगवेगळ्या विभागांच्या दारात नेऊन पाहा.

वैद्यकशास्त्र सांगेल की हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या एका बारीक बदलामुळे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखतं. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत मरते. शरीरातलं पाणी कमी झालं की झटका येऊ शकतो, आणि आपल्या नागपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे.

कायदा सांगेल की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले. उच्च शिक्षणातल्या ५ टक्के आरक्षणात, किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर, हे विद्यार्थी बसतात. पण त्याच कायद्याचं कलम ३४ उघडा. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे हे तीन आजार नाहीत. म्हणजे माझा भाऊ कॉलेजच्या दारात अपंग आहे आणि नोकरीच्या दारात नाही. तेच शरीर, तोच कायदा. हे वाचलं त्या दिवशी मला माझा शोधप्रकल्प मिळाला.

समाजशास्त्र विचारेल की विदर्भात हा आजार दलित, आदिवासी आणि काही ओबीसी समाजांत जास्त का दिसतो, आणि लग्न जुळवताना ‘एएस’ (फक्त वाहक) की ‘एसएस’ (आजार असलेला) हा रिपोर्ट पत्रिकेच्या जागी आला की मुलींचं काय होतं. अर्थशास्त्र विचारेल की मेडिकलच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयाच्या, प्रत्येक फेरीला आईची किती दिवसांची मजुरी बुडते. शिक्षणशास्त्र हजेरीपटाबद्दल विचारेल, आणि मराठी विभाग विचारेल की "दिसायला तर धडधाकट" या वाक्याच्या पोटात काय काय आहे.

तुमचा प्रश्न मराठीत एका वाक्यात लिहा. तो निदान तीन विभागांच्या दारात नेता आला तर पक्का समजा. "अपंगांच्या समस्या व उपाय" हा प्रश्न नाही, तो निबंधाचा मथळा आहे.

३. राहायला एक घर हवं

विषय आंतरविद्याशाखीय असला तरी तुमच्या पदवीवर नाव एकाच विषयाचं येतं. पुढे नेट, सेट, पीएच.डी., प्राध्यापकाची जागा, सगळं त्याच नावावर चालतं. म्हणून एका विषयात घर करा आणि बाकीच्यांकडे नेमाने जात राहा. "सगळंच थोडं थोडं" शिकलेल्याला कोणताच विभाग आपला म्हणत नाही, हे मी माझ्या बरोबरीच्या दोघांच्या बाबतीत पाहिलंय.

नागपुरात घरं बरीच आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ १९२३ चं. तिथे समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मराठी, इतिहास हे विभाग आहेतच, शिवाय डॉ. आंबेडकर विचारधारेचा स्वतंत्र पदव्युत्तर विभाग आहे. जात आणि अपंगत्व एकत्र अभ्यासायचं असेल तर त्या विभागाच्या व्याख्यानांना बसण्याची परवानगी जरूर मागा. समाजकार्यासाठी मातृसेवा संघाचं समाजकार्य महाविद्यालय आणि तिरपुडे महाविद्यालय आहे. कायद्यासाठी विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय आणि वारंग्याचं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ.

इतिहासवाल्यांकडे तर खजिना आहे आणि फार कमी लोक तो उघडतात. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं. ब्रिटिश काळातलं मनोरुग्णालय शहरात आजही चालू आहे, आणि जुने सरकारी कागद पाहायला विदर्भ अभिलेखागार आहे. कुष्ठरोगाचा इतिहास तर आपल्या अंगणातच आहे: वर्ध्याजवळचं दत्तपूरचं कुष्ठधाम, सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची स्वतः केलेली शुश्रूषा, वरोऱ्याचं बाबा आमट्यांचं आनंदवन. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या व्यक्तिगत कायद्यांतून निघालं ते थेट २०१९ मध्ये. आनंदवन १९४९ चं आहे. मधल्या ७० वर्षांवर एक आख्खा प्रबंध होईल.

मराठीवाल्यांनी म्हणींपासून सुरुवात करावी. "आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं", "वासरांत लंगडी गाय शहाणी". मग एकनाथांच्या भारुडांतले आंधळा, पांगळा, बहिरा, मुका. मग आपल्याच विदर्भातलं रिद्धपूर. महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू, म्हणजे राउळ, लोकांना वेडे वाटत, आणि तेच लोक "राउळ माय, राउळ बाप" म्हणत त्यांच्यापाशी जात. वेडेपणाकडे पाहण्याची तेराव्या शतकातली ही नजर आजच्या मानसिक आरोग्याच्या चर्चेशेजारी ठेवून पाहा.

४. क्रेडिटचा हिशेब

नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या एम.ए.त साधारण ८८ क्रेडिट असतात. त्यांतली १४ तुमच्या हातात आहेत: दुसऱ्या सत्रात ४ क्रेडिटचं फील्ड प्रोजेक्ट किंवा ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण), तिसऱ्यात ४ क्रेडिटचा शोधप्रकल्प, चौथ्यात ६ क्रेडिटचा. ही तिन्ही कामं एकाच प्रश्नावर लावा. दरवेळी नवा विषय घेतला की तीन अर्धवट कामं हातात राहतात. पहिल्या सत्रातला संशोधनपद्धतीचा पेपरही त्याच प्रश्नाची उदाहरणं घेऊन लिहा.

केंद्र सरकारच्या स्वयम या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या पोर्टलवर अपंगत्व, समावेशक शिक्षण, मानवी हक्क असे अभ्यासक्रम येत-जात असतात. युजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. सापळा असा की आधी विभागाची लेखी मान्यता घ्यावी लागते. माझ्या मैत्रिणीने परीक्षा दिली, चांगल्या गुणांनी पास झाली, आणि क्रेडिट मिळालं नाही, कारण विभागाने तो अभ्यासक्रम आपल्या यादीत घेतलाच नव्हता. तोंडी "हो हो, चालेल" याला काही किंमत नाही.

नागपूर सोडायची तयारी असेल तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे, म्हणजे टिसकडे पाहा. तिथे अपंगत्व अभ्यासाचं वेगळं केंद्र आहे. प्रवेशासाठी सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिचे अर्ज हिवाळ्यातच निघतात, जूनमध्ये जाग आली तर वर्ष गेलं. कायद्याच्या अंगाने जायचं तर हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाचं सेंटर फॉर डिसॅबिलिटी स्टडीज. सार्वजनिक जागांच्या सुगम्यतेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निकालामागे याच केंद्राचा अहवाल होता. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांनी इग्नूच्या अमरावती रोडवरच्या प्रादेशिक केंद्रात चौकशी करावी. तिथे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रासाठी प्रवेश होतात.

५. कागदपत्रं

प्रवेशासाठी:
– दहावी, बारावी आणि पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका
– टीसी, आणि दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन
– एबीसी आयडी (तुमच्या क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक, डिजिलॉकरमधून निघतो, नाव आधारप्रमाणेच हवं)
– लागू असेल तर जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल
– मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. माझं यासाठी ऐनवेळी धावपळ करून झालं, तुम्ही आधीच करून ठेवा.
– आधारशी जोडलेलं बँक खातं, नाहीतर महाडीबीटीची शिष्यवृत्ती लटकते

तुम्ही स्वतः अपंग विद्यार्थी असाल तर याशिवाय युडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र लागेल. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो, पण तपासणी सरकारी रुग्णालयातच होते आणि तिला वेळ लागतो. निकालाची वाट न पाहता जानेवारीतच सुरुवात करा. जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये न्या. भावाच्या वेळी आमच्या हातात सुटे कागद होते, वैद्यकीय बोर्डासमोर दोन मिनिटं मिळाली, आणि महत्त्वाचं डिस्चार्ज कार्ड पिशवीच्या तळाशी राहिलं. परत तीन महिने.

कार्डावर ४० टक्के किंवा जास्त असेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित संस्थांत ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सूट मिळते. लेखनिक लागत असेल तर परीक्षा अर्ज भरतानाच परीक्षा विभागाला पत्र द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ४० टक्क्यांच्या खाली असाल तर गप्प बसू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात स्पष्ट केलंय की लेखनिकाची सोय फक्त ४० टक्केवाल्यांपुरती अडवता येत नाही. त्या निकालाची प्रत पत्राला जोडा. तोंडी वाद घालण्यापेक्षा जोडलेला कागद लवकर काम करतो.

६. कोणता शब्द वापरायचा?

अपंग, विकलांग, दिव्यांग. २०१५ च्या शेवटी पंतप्रधानांच्या भाषणातून ‘दिव्यांग’ आला आणि पुढे सरकारी झाला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच केला. सरकारी अर्जात तोच शब्द लिहा. पण अभ्यासात आणि चळवळीत अनेकांना तो नको आहे. "आमच्यात दिव्य काही नाही, आम्हाला रॅम्प द्या," असं मला एका व्हीलचेअरवरच्या दादांनी सांगितलं. मी लेखनात ‘अपंग’ वापरते आणि पहिल्याच पानावर कारण देते. समोरच्या माणसाशी बोलताना मात्र तो स्वतःला काय म्हणवतो तेच म्हणावं. मतिमंद, मुका, वेडा हे शब्द जुन्या कागदांत सापडले तर अवतरणात जसेच्या तसे ठेवा, सुधारू नका. तो तुमचा पुरावा आहे.

एक फार उपयोगी गोष्ट. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात शोधताना हे सगळे शब्द वेगवेगळे टाकून पाहा. १९९० च्या आसपासचे प्रबंध ‘दिव्यांग’ टाकून सापडणार नाहीत.

७. आकड्यांशी सावध

प्रत्येक नवा विद्यार्थी पहिल्या पानावर लिहितो: २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी अपंग, म्हणजे २.२१ टक्के, महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख. आकडे बरोबर आहेत. पण जागतिक आरोग्य संघटना म्हणते जगात १६ टक्के, दर सहा माणसांत एक. मग भारतीय इतके सुदृढ आहेत का? आणखी पाहा: २००१ च्या जनगणनेत २.१९ कोटी, आणि पुढच्याच वर्षीच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत १.८५ कोटी. एका वर्षात ३४ लाख माणसं बरी झाली का?

कोणीही बरं झालं नाही. प्रश्न बदलला होता. दारात उभं राहून "घरात कोणी अपंग आहे का?" असं विचारलं तर आजी म्हणते, "नाही जी, देवाच्या कृपेने सगळे चांगले आहेत," आणि आत आजोबा ऐकू येत नाही म्हणून टीव्ही मोठ्याने लावून बसलेले असतात. "चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, जिना चढायला त्रास होतो का," असं विचारलं की आकडा वर जातो. म्हणून आकडा लिहाल तिथे व्याख्याही लिहा. २०१६ च्या कायद्याची १०२ कलमं आहेत, निदान कलम २ आणि अपंगत्वांची यादी देणारं परिशिष्ट मूळातून वाचा. कलम २ मधली व्याख्या ‘अडथळ्यांशी संबंध आल्यावर’ होणाऱ्या अपंगत्वाची आहे आणि परिशिष्ट मात्र आजारांची यादी आहे. दोघांतला हा ताण तुम्हाला सगळीकडे भेटेल.

८. माणसांकडे जाताना

२०१६ च्या कायद्याचं कलम ६ आधी वाचा. अपंग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा पद्धतीने घेतलेली तिची स्वतःची संमती लागते, शिवाय अपंगत्वविषयक संशोधन समितीची पूर्वपरवानगी, आणि त्या समितीतले निम्मे सदस्य तरी स्वतः अपंग किंवा नोंदणीकृत संघटनांचे असावेत, असं हे कलम सांगतं. विद्यार्थी हे वाचत नाहीत आणि गाइडही विसरतात. विभागाकडे लेखी विचारा, संस्थेच्या नैतिकता समितीकडे अर्ज करा आणि सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा.

संमतीपत्र सोप्या मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात छापा, न वाचणाऱ्याला वाचून दाखवा. सांकेतिक भाषेचा दुभाषी लागणार असेल तर त्याचं मानधन पहिल्या दिवसापासून खर्चात धरा. घरच्यांनाच दुभाषी करू नका.

हे शेवटचं मी चूक करून शिकले. फील्ड प्रोजेक्टच्या वेळी उत्तर नागपुरात एका कर्णबधिर ताईंकडे गेले होते. सासूबाईंनी चहा ठेवला, शेजारी बसल्या आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच देऊ लागल्या. मी भराभर लिहीत होते. पंधरा मिनिटांनी ताईंनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, माझ्याच वहीत दोन शब्द लिहिले, "मला विचारा", आणि पेन परत दिलं. त्यापुढचे दोन तास आम्ही दोघी वहीतच बोललो. त्या वहीतली त्याआधीची चार पानं मी प्रकल्पात वापरली नाहीत.

सोबत मोजपट्टीही ठेवा. रॅम्पचं प्रमाण १:१२ असतं, म्हणजे १ सेंटीमीटर उंची चढायला १२ सेंटीमीटर लांबी. एका महाविद्यालयात मी मोजलं: चढायची उंची ४५ सेंटीमीटर, रॅम्प २ मीटर. लागायला हवा होता ५.४ मीटर. वर लोखंडी जाळीचं दार आणि दाराला साखळी. किल्ली शिपाईदादांकडे, आणि ते जेवायला गेलेले. "येथे रॅम्पची सोय आहे" असं महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठीच्या अहवालात लिहिलं जातं ते अशा रॅम्पबद्दलही. टेप, फोटो आणि वेळ, या तिन्हींची नोंद एकत्र असली की तुमचं म्हणणं कोणी खोडू शकत नाही.

९. लॅपटॉपमध्ये काय हवं

स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए फुकट आहे आणि मराठीही वाचतं. स्वतः दृष्टिहीन नसलात तरी टाका, आणि आपलं लिखाण डोळे मिटून एकदा ऐका. टायपिंग युनिकोडमध्येच करा. कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली फाइल दृष्टिहीन मित्राला पाठवली तर त्याचं यंत्र नुसती बडबड करतं. फोटो काढून बनवलेली पीडीएफही त्याला कोरी. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे, तिथे नोंदणी करा. वाचनासाठी ‘डिसॅबिलिटी स्टडीज क्वार्टर्ली’ हे नियतकालिक मोफत आहे. इंग्रजी जड जाईल, पहिले सहा महिने सगळ्यांनाच जातं. रोज एक पान, शेजारी मराठीत आपले शब्द लिहीत.

१०. व्हायवा आणि त्यापुढे

बाहेरून आलेले परीक्षक एक प्रश्न हमखास विचारतात: "हे सगळं ठीक आहे, पण यात आमचा विषय कुठे आहे?" चिडू नका, घाबरूही नका. आधीपासून दोन पानं तयार ठेवा. पहिल्या पानावर तुमच्या घरच्या विषयातल्या कोणत्या संकल्पना वापरल्या ते लिहा, माझ्या बाबतीत कलंक, जात आणि राज्यसंस्थेची वर्गवारी. दुसऱ्या पानावर बाहेरून काय घेतलं आणि का, ते. मी कलम ३२ आणि कलम ३४ एकाच पानावर शेजारी शेजारी छापून नेले होते. परीक्षकांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "मग तुमच्या भावाने एमपीएससीचा फॉर्म कोणत्या गटातून भरला?" त्यानंतरची वीस मिनिटं आम्ही तेवढ्यावरच बोललो.